दोन्ही टोकांचे दिवस : कोल्हापुरातला उन्हाळी ईस्टर

गुरुवार, १४ एप्रिल २०२२

पहाटे साडेचारला पुणे सोडले ते केवळ उन्हाच्या धास्तीने. त्या वर्षीचा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला होता, एप्रिलही त्याच वाटेने चालला होता आणि मागच्या सीटवर सहा वर्षांची थोरली व तीन वर्षांचा धाकटा झोपेत एकमेकांवर कलंडलेले होते. कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. खंबाटकीचा घाट अंधारात चढलो, सातारा ओलांडताना फटफटले आणि कऱ्हाडला न्याहारी उरकून नऊच्या आत नागाळा पार्कातल्या घरी पोहोचलो. वाटेत गावोगावी कमानी आणि निळे झेंडे लागले होते, कारण त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती होती. गुरुवारची ही सुट्टी, शुक्रवारची दुसरी आणि सोमवारची माझी रजा अशी जोडणी करून आम्ही हा ईस्टर सासरी करायचे ठरवले होते.

ठरवण्यामागे आणखी एक कारण होते. २०२० चा ईस्टर टाळेबंदीत गेला, २०२१ चा निर्बंधांत. या दोन वर्षांच्या मध्ये माझे सासरे गेले आणि त्यांच्या कबरेवर ईस्टरच्या पहाटे मेणबत्ती लावण्याचे काम आमच्या हातून एकदाही झाले नव्हते. धाकट्याला तर भरलेल्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, उपासना ठाऊकच नव्हती. त्याच्या समजुतीप्रमाणे उपासना ही मोबाईल टेकून ठेवून बघायची गोष्ट होती.

घर जुने, कौलारू आहे. सासूबाईंनी खिडक्यांना ओले पंचे बांधले होते, माठाला ओले फडके गुंडाळले होते आणि पन्हे तयार ठेवले होते. मुलांना सावलीत घेतले, सामान उतरवले, पण मेणबत्त्यांचा खोका डिकीतच राहिला. दुपारी तीन वाजता आठवण झाली तेव्हा गाडी तीन तास उन्हात होती. खोका उघडला तर बाराही मेणबत्त्या एकाच बाजूला वाकल्या होत्या, वाऱ्याने शेतातले पीक झुकावे तशा. थोरलीने एक उचलून सरळ करायला घेतली आणि ती तिच्या बोटांत चिकणमातीसारखी वळली. “टाकू नकोस,” सासूबाई म्हणाल्या, “थंड झाल्या की घट्ट होतील. पेटायला काय, वाकडी असली तरी पेटतेच की.”

संध्याकाळी प्रभुभोजनाची उपासना होती. सूर्य मावळल्यावर घराबाहेर पडलो, मुले शहाण्यासारखी बसली. परतताना बिंदू चौकावरून आलो. बाबासाहेबांच्या हयातीतच, १९५० साली, उभारलेला त्यांचा पुतळा तिथे महात्मा फुल्यांच्या पुतळ्यासोबत आहे. चौकात एवढी गर्दी होती की धाकट्याला खांद्यावर घ्यावे लागले. रात्री नऊलाही डांबराची धग चपलेतून तळपायाला लागत होती.

शुक्रवार, १५ एप्रिल

उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना दुपारी बारा ते तीन असते. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात मनने होतात, मध्ये गीते आणि प्रार्थना. तीन तासांची ही वेळ शुभवर्तमानातल्या काळोखाच्या तीन तासांवरून आलेली आहे, त्यामुळे ऊन आहे म्हणून ती सकाळी घ्या असे कोणी सुचवत नाही, आणि सुचवावे असे मलाही वाटत नाही. सासूबाई त्या दिवशी तीन वाजेपर्यंत अन्न घेत नाहीत. मी मुलांना घरी ठेवू शकले असते. तीन वर्षांनंतर सगळी मंडळी एकत्र बसणार होती, मुलांनी ती बघावी असे मला फार वाटत होते आणि म्हणून मी त्यांना नेले.

मंडळी खचाखच भरली होती. पंखे फिरत होते, पण वरून गरम हवाच खाली ढकलत होते. दीडच्या सुमारास वीज गेली. लोकांनी उपासनेच्या पत्रिका हलवायला सुरुवात केली आणि त्या शेकडो कागदांच्या फडफडीतच चौथे मनन संपले. पाचवा उद्गार तहानेचा आहे. पाळकसाहेब त्यावर बोलू लागले तेव्हा थोरलीने माझ्या कानाशी येऊन विचारले, “मग त्याला पाणी का नाही दिलं?” पाणी नाही दिले, आंब म्हणजे आंबट द्राक्षारस दिला, असे मी सांगत होते आणि त्याच वेळी माझ्या मांडीवरचा धाकटा फारच जड लागतो आहे हे माझ्या ध्यानात आले. त्याचे गाल लालबुंद झाले होते, सदरा घामाने चिंब होता, ओठ कोरडे पडले होते. हाक मारली तर त्याने डोळे उघडले, पण उत्तर दिले नाही. सासूबाईंनी त्याच्या मानेला हात लावला आणि म्हणाल्या, “पोराला ऊन लागलंय गं, आधी बाहेर घे त्याला.”

आवारात कडुनिंबाचे मोठे झाड आहे. त्याच्या सावलीत पंचा अंथरून त्याला निजवले, सदरा काढला, मान, काखा आणि जांघा ओल्या फडक्याने पुसत राहिलो आणि माझे यजमान वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत राहिले. पिशवीत जलसंजीवनीची पुडी होती. ती एक लिटर पाण्यातच घालायची असते. घाईने पेल्याभर पाण्यात संपूर्ण पुडी कालवली तर क्षार जास्त होतात आणि मुलाला अपाय होतो, हे मला ठाऊक होते म्हणून आधी लिटरची बाटली भरून आणवली. मग चमच्याने, एक चमचा, थोडे थांबून दुसरा. घोटाघोटाने दिले तर पोटात टिकते, एकदम दिले तर उलटून पडते. मंडळीतल्या एक डॉक्टरबाई मागोमाग बाहेर आल्या. अंगाला घाम आहे, हाकेला डोळे उघडतो आहे, तेव्हा घाबरू नका, असे त्यांनी सांगितले. घाम थांबून अंग तापले असते, मूल बरळू लागले असते किंवा शुद्ध हरपू लागली असती, तर एक क्षणही न थांबता रुग्णालय गाठायला हवे होते. लहान मुलांच्या अंगाचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा असतो, म्हणून बाहेरची उष्णता त्यांच्यात लवकर शिरते, आणि घामाने अंग निववण्याची त्यांची ताकद मोठ्यांपेक्षा कमी असते. हे त्यांनी मला शांतपणे, बाजूला बसून समजावले. सकाळपासून तो किती वेळा लघवीला गेला, असेही विचारले. मला आठवून सांगावे लागले : एकदाच. तो प्रश्न मी स्वतःला सकाळी अकरा वाजता विचारायला हवा होता.

अर्ध्या तासाने तो उठून बसला. पाऊण तासाने लघवी झाली. मग त्याने विचारले, “आजी कुठंय?” आजी आत सातव्या उद्गाराला उभ्या होत्या. खिडकीतून मंडळीचे गाणे बाहेर येत होते आणि मी त्याचा ओला हात धरून ते शेवटपर्यंत बाहेर बसूनच ऐकले.

घरी आल्यावर आम्ही तिघांनी मिळून ठरवले : उरलेल्या दिवसांत सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच मुले घराबाहेर जाणार नाहीत, मग काहीही असो. जे करायचे ते दिवसाच्या दोन टोकांना करायचे. जलसंजीवनीच्या पुड्या संपल्याच तर सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, हे मी कागदावर लिहून माठावर चिकटवले.

शनिवार, १६ एप्रिल

मूळ बेत पन्हाळ्याचा होता. दीर म्हणाले, “वहिनी, आज जोतिबाची यात्रा आहे. त्या रस्त्याचं नाव काढू नका.” त्या दिवशी चैत्र पौर्णिमा होती. करोनाची दोन वर्षे गेल्यानंतरची ही पहिलीच मोठी यात्रा, त्यामुळे वाडी रत्नागिरीच्या डोंगराकडे जाणारा प्रत्येक रस्ता माणसांनी भरला होता. पन्हाळा राहिला. मला त्याची हळहळ वाटली नाही, कारण त्याच्या जागी जे मिळाले ते घराजवळचे होते.

सकाळी सहाला गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो. म्हशी रांगेत उभ्या असतात, गिऱ्हाईक समोर असताना धार काढतात आणि फेसाळ पेला हातात देतात. धाकटा म्हशीच्या पोटाइतका उंच. धार चरवीत पडताना आधी टणटण आवाज येतो आणि दूध वर चढेल तसा तो मऊ होत जातो, हे त्याने कान जवळ नेऊन ऐकले. गवळीमामा म्हणाले, “ताई, बारक्याला पाजा की.” मी म्हटले, तापवून देईन. “बरोबर हाय, ल्हान पोरं हायत,” म्हणाले आणि किटलीत दोन लिटर ओतून दिले. न तापवलेले दूध लहान मुलांना देऊ नये या मताची मी आहे, आणि कट्ट्याची मौज बघण्यात मुलांचे त्यावाचून काही अडले नाही.

रस्त्यावर यात्रेकरू होते. गुलालाने माखलेली माणसे पंचगंगेच्या घाटाकडून येत होती, कोणाच्या हातात दवणा, कोणाच्या खांद्यावर झोपलेले मूल. पुढून चांगभलंचा पुकारा आला की मागून सगळे साथ देत. धाकट्यानेही “चांगभलं” म्हणून ओरडून घेतले आणि एका आजोबांनी त्याच्या कपाळाला गुलालाचे बोट लावले. कोपऱ्यावर काही तरुण पिंपातून ताक वाटत होते. त्यांना पेले विसळायला माणूस हवा होता म्हणून आम्ही अर्धा तास ते काम केले. साडेआठलाच ऊन टोचू लागले होते आणि ती माणसे अजून डोंगर चढायची होती.

दहा-साडेदहाला टाऊन हॉल. हे संग्रहालय घरापासून अगदी जवळ आहे आणि अकराच्या नियमात जेमतेम बसत होते. १८७० च्या दशकात चार्ल्स मँट यांनी बांधलेली ही इमारत टोकदार कमानींची, उतरत्या छपराची. थोरलीने बाहेरूनच विचारले, “हे चर्च आहे का?” प्रश्न अगदी बरोबर होता, कारण ज्या गॉथिक शैलीत युरोपातली चर्चे बांधली गेली तिचीच ही कमान आहे. आत ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेल्या वस्तू आहेत आणि त्यांत समुद्रदेव पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती आहे, रोमन जगातून व्यापाराच्या वाटेने इथवर आलेली. मी थोरलीला सांगितले की काल आपण ज्या पिलाताचे नाव ऐकले तो रोमचाच सुभेदार होता, आणि साधारण त्याच युगात रोमच्या वस्तू समुद्र ओलांडून, घाट चढून पंचगंगेच्या काठी येत होत्या. ती बराच वेळ काचेला नाक लावून उभी राहिली. मग म्हणाली, “म्हणजे कोल्हापूर तेव्हा पण होतं?” होते. ईस्टरची गोष्ट तिच्यासाठी त्या क्षणी पुस्तकातून निघून आजीच्या गावाजवळ आली, असे मला वाटले.

दुपार अंड्यांची. बाजारातली चॉकलेटची अंडी या हवेत कागदातच पातळ होतात, म्हणून सासूबाईंनी त्यांच्या लहानपणची रीत काढली. दहा-बारा कांद्यांची वरची कोरडी टरफले त्यांनी आठवडाभर जमवून ठेवली होती. एका पातेल्यात टरफले, दुसऱ्यात बिटाच्या फोडी, तिसऱ्यात हळद, आणि प्रत्येकात एक मोठा चमचा व्हिनेगर. अंड्याचे कवच चुन्याचे असते. आंबटाने ते किंचित खरबरीत होते आणि रंग धरतो. अंडे ओले करून त्यावर कोथिंबिरीचे एक पान चिकटवायचे, बोटाने त्याची कातरलेली टोके नीट पसरायची, वरून जुन्या मलमलीचा तुकडा ताणून गाठ मारायची आणि टरफलांच्या पाण्यात उकळायचे. थंड झाल्यावर थोरलीने गाठ सोडली. कापड सुटले, पान नखाने उचलले, आणि विटकरी तांबड्या कवचावर कोथिंबिरीचे पांढरे पान उमटलेले होते, देठासकट, एका कडेला जिथे कापड सैल राहिले होते तिथे जरासे पसरलेले. हळदीची अंडी पिवळीधमक झाली. बिटाने मात्र फिकट गुलाबीच्या पुढे जायचे नाकारले.

व्हिनेगरची बाटली हुंगून थोरलीने विचारले, “हीच का ती आंब?” साधारण तशीच, मी म्हटले. तिने बोट बुडवून जिभेला लावले, डोळे मिटले, आणि काही न बोलता बाटलीचे झाकण घट्ट लावून ठेवले.

संध्याकाळी साडेसहानंतर रंकाळा. पाण्यावरून येणारा वारा त्या दिवसातला पहिला सुखाचा वारा होता. भेळ घेतली, मुलांची बिनतिखटाची, आणि कठड्याशी बसलो. सूर्य गेला, आणि थोड्या वेळाने शहराच्या बाजूने पूर्ण चंद्र वर आला. ईस्टर दर वर्षी वेगळ्या तारखेला का, हे थोरलीने मागेच विचारले होते. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये केव्हाही येऊ शकतो. हा हिशोब मी तिला आकाशातला चंद्र दाखवून सांगू शकले. तोच चंद्र त्या वेळी जोतिबाच्या डोंगरावरही असणार होता. पौर्णिमा शनिवारी, ईस्टर लगेच दुसऱ्या दिवशी. पौर्णिमेच्या इतका जवळ तो दर वर्षी येत नाही.

रविवार, १७ एप्रिल

पहाटे चारला उठलो. मुले उठतील की नाही ही काळजी होती, पण पंख्याखाली तळमळत झोपलेली मुले गार पहाटेला उलट आनंदाने उठतात. पाचला अंगणात पाऊल टाकले तर फरशी थंड होती. चार दिवसांत पहिल्यांदा.

साडेपाचला मोकळ्या पटांगणात उपासना. पश्चिमेला चंद्र अजून होता, पूर्वेला उजळायला लागलेले. “ख्रिस्त उठला आहे!” असे पाळकसाहेब म्हणाले आणि सगळ्यांनी एका आवाजात उत्तर दिले, “खरोखर उठला आहे!” धाकटा दचकला. मग दुसऱ्या वेळी त्याने अर्धे शब्द पकडले आणि तिसऱ्या वेळी तो सगळ्यांच्या नंतर, एकट्याने, मोठ्याने म्हणाला. पुढच्या रांगेतल्या बायका वळून हसल्या. शुक्रवारी ज्या मुलाच्या ओठांना मी चमचा लावत होते तोच हा, आणि मला त्यानंतरच्या गीतात दोन कडवी आवाज फुटला नाही. शुभवर्तमानातल्या बायका कबरेकडे गेल्या त्याही अगदी पहाटेच, अंधार असतानाच. मी हा भाग वर्षानुवर्षे ऐकत आले आहे, पण दिवसाच्या त्या एका तासाचा गारवा अंगावर घेऊन तो ऐकणे निराळे होते.

तिथून कबरस्तान. वाटेत न्यू शाहूपुरीतले वायल्डर मेमोरियल चर्च लागले. १८५२ साली रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले, त्यांचे नाव त्या वास्तूला आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथेच जन्मला, म्हणजे इथले उन्हाळे लहान मुलांसह काढणारी ती घरे आमच्याआधी दीडशे वर्षे होऊन गेली. पंखा नाही, बर्फ नाही. सासूबाई म्हणाल्या, “माठ होता की.”

कबरेवरचा पाचोळा मुलांनी हातांनी झाडला. सासऱ्यांना मोगरा आवडे, तो वाहिला. वाकड्या मेणबत्त्या उभ्या राहीनात, तेव्हा सासूबाईंनी खाली थोडे मेण गाळून त्या एकमेकींकडे झुकतील अशा टेकवल्या, एक सोडून सगळ्या. थोरलीने त्या एकेक करून पेटवल्या. सहा वाजून वीस मिनिटांनी सूर्य वर आला आणि ज्योती दिसेनाशा झाल्या, फक्त वरची हवा थरथरताना दिसत होती. धाकट्याने विचारले, “आजोबा पण उठणार?” सासूबाई खाली बसल्या, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “हो रे माझ्या राजा. उठणार.”

उकडलेली अंडी रात्रभर फ्रिजमध्ये होती. एवढ्या उन्हाळ्यात ती तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू नयेत, म्हणून अंडी लपवण्याचा खेळ घरी पोहोचताच, साडेसातच्या आत उरकला : तुळशीमागे, पाणी तापवायच्या बंबात, आजोबांच्या जुन्या सायकलच्या टोपलीत. चोवीसपैकी तेवीस सापडली. चोविसावे धाकट्याने शोधून तिथल्या तिथे सोलून खाल्ले होते.

दुपारी पाहुणे, मटण, तांबडा आणि पांढरा रस्सा. मुलांनी नारळाच्या दुधातला पांढरा रस्सा भाताशी कालवून खाल्ला आणि ओल्या पंच्यांच्या खोलीत चार वाजेपर्यंत गाढ झोपली. संध्याकाळी ढग आले, दोनदा गडगडले, मातीचा वासही आला, पण आमच्या भागात थेंब पडला नाही.

सोमवार, १८ एप्रिल

सव्वापाचला निघालो. सासूबाईंनी दोन बाटल्या पाणी, एक ताक, काकवीची बरणी आणि दहीभाताचा डबा दिला, आणि फाटकाशी उभ्या राहून पुन्हा एकदा बजावले की तहान लागायची वाट न बघता पोरांना पाणी पाजत जा. पन्हाळा दिवाळीला करायचा ठरला आहे. उरलेली एक मेणबत्ती थोरलीने मागून घेतली होती आणि ती या वेळी डिकीत ठेवू दिली नाही, मांडीवर ओल्या रुमालात गुंडाळून धरली. साताऱ्याला पोहोचलो तेव्हा साडेसात वाजले होते आणि खिडकीच्या काचेला हात लावला तर ती गरम लागत होती.